नावानिशी बंदी

आग्रही : निदान एका प्रश्नावर तरी आपल्यात वाद होऊ नये. मांसाचं मी समजू शकतो, माणूस ते खातो. चामड्याचं, दुधाचं, औषधांच्या चाचण्यांचंही समर्थन करणारे लोक भेटतात आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य असतं. पण फरसाठी मिंक पाळणं? मिंक म्हणजे साधारण मुंगसासारखा लांबोडका, पाण्याकाठी एकटा राहणारा, पट्टीचा पोहणारा प्राणी. त्याला ८५ सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच अशा तारेच्या पिंजऱ्यात ठेवायचं. हे कुणी चोरून केलेल्या अत्याचाराचं माप नाही, युरोपातल्या फार्मवरचं रूढ, नियमात बसणारं माप आहे. एप्रिल-मेमध्ये पिल्लं जन्मतात. नोव्हेंबरात थंडीची दाट लव भरली की त्यांना पेटीत घालून विषारी वायू सोडतात. एका लांब कोटाला अशी पन्नासेक जनावरं लागतात, आणि कोट काय, लोकरीचाही मिळतो. ब्रिटनने २००० साली कायदा करून हा धंदा बंद केला, नॉर्वेने २०१९ मध्ये. आपणही २०१७ पासून मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आयात बंद केली आहे. यात आता शंका काढायला जागा कुठे आहे?

शंकेखोर : जागाच दिसत नाही म्हणून तर मला शंका येते. आपली २०१७ ची बंदी म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. मुंबईच्या ऑक्टोबरात मिंकचा कोट घालून कोण फिरत होतं? ज्यावर पाणी सोडताना आपलं काहीच जात नाही, तिथे आपली नीती भल्या पहाटे उठते. म्हणून आधी सांगा, तुमचा आक्षेप नेमका कशावर आहे? तुम्ही एका दमात तीन गोष्टी बोललात. जनावर मारतात, त्याआधी कोंडतात, आणि हे सगळं हौसेखातर करतात. तिन्ही एकत्र कानावर पडल्या की ऐकणारा पेटून उठतो. पण प्रत्येकीचं बिल वेगळ्या माणसाच्या नावावर निघतं. मारणं हाच गुन्हा असेल तर मटणाच्या दुकानासमोर रविवारी लागलेली रांग सुटत नाही. कोंडणं हा गुन्हा असेल तर अंड्यांचा ट्रे घेऊन घरी जाणारा सुटत नाही. उरली हौस. तुमचा खरा भरवसा तिच्यावरच आहे असं मला वाटतं, कारण ‘गरज नाही’ हे तुम्ही फार ठासून म्हणालात.

तर हौसेचंच बोलू. येवल्याची पैठणी ही कुणाची गरज आहे? रेशमाचा धागा सलग हवा असेल तर आतला जीव पतंग होऊन कोष फोडायच्या आत तो कोष वाफेवर किंवा गरम पाण्यात घालावा लागतो. एका साडीमागे असे हजारो कोष जातात. आणि आपण त्या वस्त्राला नुसतं देखणं म्हणत नाही, पवित्रही मानतो. पूजेला बसताना रेशमी मुकटा सोवळ्याचा आणि धुतलेलं सुती धोतर कुणाचा हात लागला की ओवळं. मुंजीत बटूला अजिन देतात, ते हरणाचं कातडंच. कोपनहेगनच्या बाईची हौस ती क्रूर आणि आपली ती संस्कृती, हे गणित मला जमत नाही.

आग्रही : पैठणी येणार हे मला माहीत होतं. अशा वादात ती नेहमी येते आणि आली की समोरचा गप्प बसेल अशी अपेक्षा असते. मी गप्प बसणार नाही, पण एक कबूल करतो. नुसती हौस म्हणून बंदी मागता येत नाही. माणसाच्या हौसेवर कायदा बसवायला लागलो तर अत्तरापासून आतषबाजीपर्यंत सगळंच बंद करावं लागेल, आणि तसलं राज्य मला नको आहे. मारण्याचा मुद्दाही बाजूला ठेवतो, कारण मी स्वतः मासे खातो. माझा आक्षेप पिंजऱ्यावर आहे. रेशमाच्या अळीला काय वाटतं ते मला सांगता येणार नाही. मिंकला काय वाटतं हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं, कारण कुणीतरी ते त्यालाच विचारलं आहे.

२००१ मध्ये संशोधक जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. सोळा मिंक. प्रत्येकाच्या पिंजऱ्याला जोडून काही खोल्या. एकीत पोहण्यापुरतं पाणी, एकीत वेगळं घरटं, एकीत उंचावरचा माचा, कुठे खेळणी, कुठे बोगदा, कुठे रोज बदलणाऱ्या नव्या वस्तू. एक खोली मुद्दाम रिकामी. प्रत्येक खोलीला ढकलून उघडायचं दार, आणि त्या दारावर हळूहळू वजन वाढवत न्यायचं. जनावर कशासाठी किती जोर लावतं ते मोजायचं, एवढीच युक्ती. मिंकनी सगळ्यांत जास्त जोर लावला तो पाण्यासाठी. मग पाण्याची खोली बंद केली तेव्हा त्यांच्या मूत्रातलं कॉर्टिसॉल वाढलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक. अन्न तोडल्यावर जेवढं वाढलं, जवळपास तेवढंच. आता सांगा, पाणी ही मिंकची हौस आहे की गरज? आणि युरोपभरच्या फार्मवर त्याला पोहण्यासाठी किती पाणी मिळतं? थेंबभरही नाही. त्याच्या वाट्याला तोंडाशी येणारी प्यायच्या पाण्याची नळी.

शंकेखोर : प्रयोग चांगला आहे. मिंक पाळणारे त्यावर विचारतात की ज्याने जन्मात डबकं पाहिलं नाही त्याला डबक्याची आठवण कशी येईल? हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. पण मला पाळणाऱ्याची बाजू जरा नीट मांडू द्या, कारण आपल्या वर्तमानपत्रांत तो नेहमी राक्षसच असतो. डेन्मार्कच्या युटलंडमधला मिंकवाला हा शेतकरी आहे. बापाचा धंदा, घरामागे लांबलचक पत्र्याच्या शेड, त्यात पिंजऱ्यांच्या रांगा. मासळी बाजारातली आणि कत्तलखान्यातली टाकाऊ आतडी-मुंडकी दळून तो जनावरांना घालतो. माल विकणारी ‘कोपनहेगन फर’ ही जगातली सर्वांत मोठी लिलाव संस्था शेतकऱ्यांच्याच मालकीची होती, सहकारी, आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखी. जनावर मारायची वेळ आली की तो ते ट्रकमध्ये कोंबून पाचशे किलोमीटर नेत नाही. वायूची पेटी पिंजऱ्याच्या रांगेपाशी आणतो. देवनारला बकरे कसे येतात ते पाहिलेल्या माणसाने युटलंडच्या शेतकऱ्याला दया शिकवायची म्हणजे जरा अवघडच आहे. आणि त्याचा स्वार्थही जनावराच्या बाजूने उभा असतो. आजारी, चावलेल्या, केस झडलेल्या जनावराच्या कातड्याला भाव येत नाही.

शिवाय प्राणी बदलतोही. १९५९ पासून नोवोसिबिर्स्कला संशोधक दिमित्री बेल्यायेव यांनी फरच्या फार्मवरचेच रुपेरी कोल्हे घेतले. दर पिढीत माणसाला कमी बिचकणारे तेवढे निवडले आणि पुढे त्यांचीच वीण वाढवली. थोड्याच पिढ्यांत ते शेपूट हलवायला, हात चाटायला लागले. कुत्रा असाच झाला असणार. आज जे रानटी वाटतं ते पन्नास पिढ्यांनी पाळीव होईल.

आग्रही : बेल्यायेव यांच्या कोल्ह्यांना माणसाचं भय उरलं नाही. म्हणून त्यांना पिंजरा आवडायला लागला, असं कुठे आहे? कुत्रा हा सर्वांत जुना पाळीव प्राणी. त्याला ८५ सेंटीमीटरच्या खोक्यात आयुष्यभर ठेवून बघा. वर त्या माणसाळलेल्या कोल्ह्यांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, कान लोंबले. फर व्यापाऱ्याला असला माल नको असतो. त्याला जे हवं असतं ते फिनलंडमध्ये दिसलं. तिथे निळ्या कोल्ह्यांची वीण निवडत-निवडत रानातल्या त्याच जातीच्या कोल्ह्याच्या कितीतरी पट वजनाची जनावरं तयार झाली. अंगावर कातडीच्या घड्या, डोळ्यांवर लोंबणारी चरबी, वजनाने वाकलेले पाय. का? कारण कातडं लांबीवर विकतात. घडी जितकी जास्त तितकं कातडं लांब.

हा जो ‘पाळणाऱ्याचा स्वार्थ जनावराच्या बाजूने असतो’ असा युक्तिवाद आहे ना, तो प्रत्येक धंद्यात ऐकू येतो आणि प्रत्येक धंद्यात अर्धाच खरा असतो. कातडं चकचकीत असलं की त्वचा निरोगी आहे एवढंच कळतं. जनावर दिवसभर तारेवर पुढे-मागे, पुढे-मागे येरझाऱ्या घालत असतं, त्याचा डाग कातड्यावर उमटत नाही. कोल्हीण बिथरून स्वतःची पिल्लं मारते, त्याचाही नाही.

आणि उपाय अशक्य होता असंही नाही. जर्मनीने काय केलं बघा. त्यांनी फार्म बेकायदा आहेत असा शिक्का मारला नाही. फक्त अटी घातल्या. जागा एवढी हवी, मिंकला पोहायला टाकी हवी, तळ सगळाच तारेचा नको. पाळा ना, कोण नको म्हणतंय? पण जनावराला जे लागतं ते देऊन पाळा. हिशेब जुळेना. देशातलं शेवटचं फार्म २०१९ मध्ये बंद झालं. माझ्या दृष्टीने हा या सगळ्या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा आहे. जनावराच्या अगदी साध्या गरजा भागवल्या की जो धंदा नफ्यात चालूच शकत नाही, त्याचा नफा त्या गरजा मारूनच येत होता.

शंकेखोर : इथे मी तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. जर्मनीचा कायदा मला ब्रिटनच्या कायद्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. ब्रिटनने स्वतःच्या फार्मला कुलूप लावलं आणि बाहेरून फर आणणं चालूच ठेवलं. म्हणजे पिंजरे चीनमध्ये आणि सदसद्विवेक लंडनमध्ये. जर्मनीने निदान सांगितलं की आम्हाला जनावराच्या हालाशी देणंघेणं आहे, तुमच्या कोटाशी नाही. पण आता मी तुम्हाला या कसोटीवर शेवटपर्यंत चालवणार. समजा, उद्या कुणीतरी हिशेब जुळवला. फॅशनच्या धंद्यात हौसेला मोल नसतं. एखाद्या कंपनीने दहापट किंमत लावून मिंकला टाकी दिली, बिळं दिली, एकट्याने राहायला मोठं आवार दिलं, त्याच्या मूत्रातलं कॉर्टिसॉल दर आठवड्याला मोजून दारावर लावलं. मिंक सुखात पोहतोय. मग नोव्हेंबरात त्याला कळायच्या आत मारलं आणि कोट केला. तुम्ही त्या कोटाला हरकत घ्याल?

आग्रही : ...घेईन.

शंकेखोर : मग पिंजरा हा तुमचा आक्षेप नव्हता.

आग्रही : थांबा, इतकी घाई नको. पिंजरा हा आक्षेप होताच, आणि आज जगात जनावरं पाळून जी फर विकली जाते तिच्यापुरता तो पुरेसाही आहे. तुमचा पोहणारा मिंक कुठल्याच फार्मवर नाही. तो या टेबलावर जन्मला आहे. पण टाळाटाळ करत नाही, उत्तर देतो. मी मघाशी हौस आणि मारणं अशा दोन्ही गोष्टी सुट्या-सुट्या बाजूला ठेवल्या होत्या. सुट्या त्या हलक्याच आहेत. एकत्र आल्या की त्यांचं वजन बदलतं. जे जनावर सुखात जगतंय त्याचं आयुष्य तोडायचं असेल तर पलीकडच्या पारड्यात काहीतरी पडलं पाहिजे. भूक पडली तर मी मान खाली घालीन. उणे चाळीस अंशांतली थंडी पडली तरी घालीन. ‘या हंगामात कॉलर पुन्हा चालू झाली आहे’ एवढंच पडलं, तर नाही.

शंकेखोर : म्हणजे तुमचा आक्षेप प्रमाणाचा आहे. किती घेतलं आणि कशासाठी घेतलं. हे मला पटतं, कारण आपण सगळे प्रत्यक्षात असाच विचार करतो. अडचण तागडीची आहे. ती कुणाच्या हातात?

सीलचं उदाहरण घ्या. पांढऱ्या पिल्लांना बर्फावर सोट्याने मारतानाचे फोटो युरोपात फिरले आणि १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने त्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली. कॅनडाच्या उत्तरेकडचे इन्युइट पिल्लं मारतच नव्हते. ते मोठे सील मारायचे, मांस घरात खायचे आणि कातडं विकून बंदुकीच्या गोळ्या आणि स्नोमोबाइलचं पेट्रोल आणायचे. कायद्यात त्यांना सूट होती. पण बाजाराला सूट वाचता येत नाही. सीलचं कातडं म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवायला लागलं, भाव कोसळला आणि गावंच्या गावं सरकारी मदतीवर आली. एका इन्युइट दिग्दर्शिकेने, अलेथिया अर्नाकुक-बारिल यांनी, २०१६ मध्ये ‘अँग्री इनुक’ नावाचा माहितीपटच काढला त्यावर. २००९ मध्ये युरोपने सगळ्याच सीलच्या मालावर बंदी आणली तेव्हा कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ चा निकाल वाचण्यासारखा आहे. बंदी योग्य, कारण ती युरोपातल्या लोकांच्या सार्वजनिक नीतिमत्तेच्या भावनेवर उभी आहे. फक्त इन्युइटांना दिलेली सूट नीट राबवली नाही, एवढी दुरुस्ती करा. सील किती कळवळतो हा मुद्दा होता, नाही असं नाही. पण निकालाचा खांब होता ‘लोकांना हे सहन होत नाही’ हा. लोकांना सहन होत नाही म्हणून आजवर काय काय बंद पाडलं गेलं याची यादी आपल्या देशात तरी काढायला नको. कुणाच्या डब्यात काय आहे इथपर्यंत ती यादी जाते.

आग्रही : ही भीती मलाही आहे. तरीही दोन गोष्टी. इन्युइटांवर अन्याय झाला, आणि प्राणिप्रेमी चळवळीने तो फार उशिरा मानला, काहींनी अजून मानलेला नाही. पण त्यांचं उदाहरण फार्मच्या बाजूने जात नाही. इन्युइटाने मारलेला सील मरायच्या क्षणापर्यंत समुद्रात होता. त्याचं सगळं आयुष्य त्याचंच होतं, शिकाऱ्याने घेतला तो शेवट. फार्मवरच्या मिंकचा शेवट कदाचित त्याहून कमी वेदनेचा असेल. त्याच्याकडून घेतलं जातं ते आधीचं सगळं. म्हणून शिकार आणि फार्म एका तागडीत घालायला मी तयार नाही. दुसरं असं की लोकांना सहन होत नाही हे कायद्याचं कारण म्हणून अपुरं आहे, पण नेहमी चुकीचं नाही. बालमजुरी आधी लोकांना बघवेनाशी झाली, मग तिच्याविरुद्ध नीट युक्तिवाद तयार झाले. किळस ही पुरावा नसते, पण चौकशी कुठून सुरू करायची ते ती सांगते.

आणि फार्म हा आता फक्त जनावरांचा प्रश्न राहिलेला नाही. हजारो एकसारखी, एकमेकांना खेटून ठेवलेली जनावरं म्हणजे विषाणूला आयतं कुरण. २०२० च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्सच्या मिंकमध्ये करोना सापडला. त्यांनी धंदा २०२४ पर्यंत गुंडाळायचं आधीच ठरवलं होतं, ती मुदत मग २०२१ च्या सुरुवातीवर आणली. २०२३ मध्ये फिनलंडच्या फार्मवर बर्ड फ्लू शिरला, पक्ष्यांचा रोग कोल्ह्यांत. आणि डेन्मार्कचं तर जगाने पाहिलं.

शंकेखोर : डेन्मार्कचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. मी त्याचीच वाट पाहत होतो. ४ नोव्हेंबर २०२० ला पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी जाहीर केलं की मिंकमध्ये बदललेला विषाणू उत्तर युटलंडमधल्या माणसांत सापडला आहे, सबब देशातली सगळी मिंक मारायची. दीड कोटीहून जास्त. काही दिवसांत कळलं की बाधित टापूबाहेरची निरोगी जनावरं मारायला लावण्याचा अधिकार सरकारला कायद्याने नव्हताच. कृषिमंत्र्यांनी राजीनामा दिला. जाळायची सोय पुरेना म्हणून होल्स्टेब्रो आणि कारुपजवळच्या लष्करी जमिनीत चर खणून मढी पुरली. ती पुरेशी खोल नव्हती. कुजताना आत वायू धरला आणि मातीखालून जनावरं फुगून वर आली. पाण्याला धोका नको म्हणून पुढच्या वर्षी ती सगळी उकरून जाळली. शेतकऱ्यांना भरपाई ठरली जवळपास १९ अब्ज क्रोनरपर्यंत. चौकशी आयोग बसला. २०२२ मध्ये त्याने पंतप्रधानांची विधानं दिशाभूल करणारी ठरवली, आणि एका पाठिंबा देणाऱ्या पक्षाच्या दबावाने त्यांना मुदतीआधी निवडणूक घ्यावी लागली.

आता माझा प्रश्न. या दोन वर्षांत डेन्मार्कच्या संसदेत आणि आयोगासमोर जे हजारो तास बोललं गेलं, ते कशाबद्दल? अधिकार होता की नव्हता. फोनवरचे निरोप पुसले की राहिले. भरपाई किती. दीड कोटी जनावरं कोटाच्याही उपयोगी न पडता मेली, त्याबद्दल तिथल्या राजकारणाला वेगळं काही म्हणायचं होतं असं दिसलं नाही. जनावर ही मालमत्ता होती, तिची किंमत चुकती झाली. २०२३ मध्ये मिंकपालनाला पुन्हा परवानगीही मिळाली. परतले थोडेच, पण ते भाव आधीच पडलेले होते म्हणून. २०१३ च्या सुमाराला जो भाव मिळायचा तो पुढे राहिलाच नव्हता. जिथे धंदा संपला तिथे तो विषाणूने आणि बाजाराने संपवला. तुमच्या-माझ्या नीतीने नाही.

आणि आपण हसायचं कारण नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतातली पहिलीच लागण. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. त्या महिन्यात महाराष्ट्रात चर्चा झाली ती अंडी खावीत की नाही, भाव किती पडला, पोल्ट्रीवाल्याला दर पक्ष्यामागे किती रुपये मिळाले याची. त्या कोंबड्या मरण्याआधी कशा राहत होत्या, हे मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

(इथे लेखक म्हणून मध्ये तोंड घालतो. नकली फर पेट्रोलियमपासून बनते, धुताना तिचे तंतू पाण्यात जातात, खरी फर दोन पिढ्या टिकते, पण तिचं कातडं कमावायलाही रसायनं लागतात, हा वाद दोघांनी टाळला आहे. मला ते बरोबर वाटतं. फार्मवाल्यांना पर्यावरणाची आठवण बहुतेकदा नीतीचा प्रश्न अंगावर आल्यावरच होते. डेन्मार्कबद्दल मात्र मला शंकेखोराचं म्हणणं थोडं कडवट वाटतं. तिथले शेतकरी पिंजऱ्यांसमोर उभं राहून रडले, ते सगळेच काही पैशासाठी रडले नसावेत.)

आग्रही : नवापूर तुम्ही माझ्याविरुद्ध काढलंत, पण ते माझ्याही उपयोगाचं आहे. तुमचा सगळा आरोप थोडक्यात असा की फरवरची बंदी ही वाफ जाऊ देणारी झडप आहे. दूरच्या, श्रीमंतांच्या, आपल्याला न परवडणाऱ्या पापावर राग काढायचा, म्हणजे अंड्याच्या पिंजऱ्याकडे बघायची वेळ येत नाही. ऐकायला हे पटतं. पण इतिहास तसा घडलेला नाही. युरोपीय संघाने कोंबड्यांच्या जुन्या, उघड्या तारेच्या पिंजऱ्यांवर बंदी घालायचं १९९९ मध्ये ठरवलं आणि २०१२ पासून ती लागू केली. म्हणजे आठवड्याला डझनभर अंडी खाणाऱ्या लोकांनी, स्वतःच्या नाश्त्याची किंमत वाढवून, आधी कोंबडीचा पिंजरा बदलला. तेव्हा मिंक अजून ८५ सेंटीमीटरमध्येच होता. पुढे पंधरा लाखांवर युरोपीय नागरिकांनी सह्या करून फर-मुक्त युरोपची मागणी केली. एका प्राण्याची कणव दुसऱ्याच्या वाट्याची कणव खाऊन टाकते, हे मला कुठे दिसत नाही. जिथे एकाची दखल घेतली जाते तिथे दुसऱ्याचीही घेतली जाण्याची शक्यता वाढते.

शंकेखोर : युरोपात. आपल्याकडे?

आग्रही : आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर आख्खा अहवाल दिला. २६९ वा.

शंकेखोर : आणि कोंबडी आजही कागदाच्या एका पानाहून कमी जागेत उभी आहे. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, मिंकची आयात मात्र एका अधिसूचनेने बंद झाली. माझं म्हणणं याहून नेमकं मला मांडता येणार नाही. ज्या कोंबडीवर नंदुरबारपासून नामक्कलपर्यंत लाखो लोकांचं पोट आहे तिच्यासाठी अहवाल, आणि जो मिंक या देशात कुणी पाळलाच नाही त्याच्यासाठी बंदी.

म्हणून मला प्राण्याचं नाव घेऊन केलेले कायदे नकोत. मिंक, कोल्हा, चिंचिला अशी यादी आली की समजावं, कुणाला दुखवायचं नाही ते आधी ठरलं आहे. कायदा करायचाच तर तुमच्या त्या दाराचा करा. जनावर कुठलंही असो, ते ज्या गोष्टीसाठी उपाशी असल्यासारखा जोर लावतं ती त्याला दिल्याशिवाय त्याला पाळता येणार नाही. नाव नाही, यादी नाही, संस्कृतीची सूट नाही. त्या कायद्यावर मी सही करतो, आणि मग त्या पोहणाऱ्या मिंकच्या कोटाबद्दल आपण सावकाश भांडू.

आग्रही : असा मसुदा विधान भवनात कुणी मांडणार नाही. मांडला तर पोल्ट्रीवाले, दूधवाले, शर्यतीच्या बैलांवरून ज्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून परवानगी मिळवली ते सगळे एका दिवसात एक होतील आणि तो पहिल्या वाचनातच मरेल. मिंकलाही त्यातून काही मिळणार नाही. तुमचा कायदा निर्दोष आहे कारण तो होणार नाही. मी नावानिशी बंदी मागतो ती पक्षपाती आहे हे ठाऊक असूनच मागतो. ज्याच्या बाजूने आज पुरेशी माणसं उभी राहायला तयार आहेत त्याचं नाव आधी.

शंकेखोर : आणि ज्याच्या बाजूने कुणीच उभं राहायला तयार नाही त्याचं?

आग्रही : त्याचं नाव पुढच्या यादीत घालायला लोकांना तयार करावं लागेल.

शंकेखोर : कशाच्या जोरावर? दाराच्या कसोटीवर की किळसेवर? मिंक देखणा आहे, त्याची पिल्लं फोटोत गोंडस दिसतात. ब्रॉयलर कोंबडीची किळस कुणाला येते? अंड्याची तर कुणालाच नाही. तुमची वाट किळसेवरूनच जाणार असेल तर ती मिंकच्या पुढे सरकणारच नाही, आणि दाराच्या कसोटीवरून जाणार असेल तर तुम्हाला आजच कोंबडीचं नाव घ्यावं लागेल.

आग्रही : घेतो. पण तुम्हीही एक करा. दाराचा कायदा होत नाही तोवर मिंकची बंदी अपुरी आहे असं म्हणा, ढोंगी आहे असं म्हणा. ती उठवावी असं म्हणू नका.

शंकेखोर : उठवावी असं मी म्हटलेलं नाही.

आग्रही : नाही म्हटलंत. पण फार्मवाल्यांचा वकील तुमचंच भाषण शब्दशः वाचून दाखवेल, आणि शेवटचं वाक्य स्वतःचं घालेल.

शंकेखोर : आणि तुमचं भाषण अंड्यांच्या कंपनीचा वकील वाचून दाखवेल. ‘आधी मिंक’ इथे थांबून.